बाहेरून लावलेली कडी

सगळ्यात आधी भांड्याचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, आणि तेच सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून तेच आधी टाईप करून मोकळी होते.

माझा खुब्याचा सांधा बदलला. उजवा. वय पंचवीस. ऐकून सगळे एकच बोलतात, अगं हे तर म्हाताऱ्या माणसांचं ऑपरेशन. मलाही तसंच वाटायचं. पण माझ्या मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्तच पोचत नव्हतं, तो आतल्या आत खचत गेला. वर्षभर मी लंगडत कामाला गेले, उल्हासनगरला, जीन्सच्या होलसेल दुकानात बिलिंग करायचे, शेवटी शेवटी तर रिक्षातून उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. मग डॉक्टरांनी तो गोळा काढला आणि धातूचा बसवला. पाचव्या दिवशी मी घरी.

घर म्हणजे अंबरनाथ, बुवापाडा, चाळीतली एक खोली. मी आणि पप्पा. आई जाऊन चार वर्षं झाली. आठ खोल्या एका लायनीत, समोर पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला तीन पायऱ्या उतरून संडास. दोन बायकांचे, दोन पुरुषांचे, सगळे इंडियन. आणि मला हॉस्पिटलमधून निघताना कागदावर लिहून दिलेलं की काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, उकिडवं तर बसायचंच नाही. नवीन सांधा निसटू शकतो. आता इंडियन संडासात उकिडवं नाही बसायचं तर काय करायचं, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तर पप्पांनी मेडिकलवाल्याकडून भाड्याने कमोडची खुर्ची आणली. मध्ये भोक, खाली प्लॅस्टिकचं भांडं. ती माझ्या पलंगाच्या बाजूला, आणि मध्ये आईच्या जुन्या साडीचा पडदा. बास. हेच ते भांडं. आणि ते रोज पप्पा धुवायचे.

पप्पा फॅक्टरीत फिटर आहेत. फर्स्ट शिफ्ट. साडेपाचला उठायचे, चाळीत कोणी उठायच्या आत भांडं घेऊन पॅसेजच्या टोकाला जायचे, धुऊन आणायचे, फिनेल मारून परत जागेवर लावायचे. मी डोळे मिटून झोपलेय असं दाखवायचे. त्यांना माहीत होतं की मी जागी आहे, मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. मग ते नळ जोरात सोडून हात धुवायचे, चहा ठेवायचे, आणि चहा झाला की म्हणायचे, "उठ गं, सात वाजतील." वाजलेले असायचे सहा.

एकदाच बोलले होते त्याबद्दल. मी रडत होते पहिल्या दिवशी, म्हणाले, "तू लहान होतीस तेव्हा काय शेजारीण येऊन धुवायची का?" आणि मग ते लाजले आणि मीपण.

मी ठरवलं की हे बंद करायचं. मला चालता येवो न येवो, परत दुकानात जाता येवो न येवो, ते नंतर. आधी मला स्वतःच्या पायाने पॅसेजच्या टोकाला जायचंय, तीन पायऱ्या उतरायच्यात, आणि पप्पांच्या हातातलं ते भांडं सोडवायचंय. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आता कडी. तिसऱ्या दिवसापर्यंत अख्खी चाळ भेटायला येऊन गेली. शहाळी, बिस्किटं, सफरचंदं. चांगली माणसं सगळी, पण येऊन पलंगावर बसायची, गादी दबली की माझा पाय हलायचा, आणि प्रत्येकाकडे कोणा ना कोणाच्या ऑपरेशनची स्टोरी. एकीचा मेहुणा, त्याला कसं पू झालं. एकीची सासू, ती कशी परत उठलीच नाही. मी वैतागले आणि संध्याकाळी पप्पांना बोलले, "सारखे येतात लोक. झोपूच देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी कामाला जाताना त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. खट. मला उठून आतून लावता येत नव्हतं ना, आणि दार नुसतं लोटलं की मांजर येतं. मला तो आवाज ऐकून एवढं बरं वाटलं, विचारू नका. झोपले मस्त.

मग कोणीच आलं नाही.

पहिले दोन दिवस मजा वाटली. मोबाईल होता. कॉलेजच्या ग्रुपवर मी एवढं टाईप केलं, एवढं टाईप केलं, टाक्यांचा फोटो टाकला, पायातल्या घट्ट पांढऱ्या स्टॉकिंगचा फोटो टाकला, वॉकरला नाव काय ठेवू म्हणून पोल टाकला. सगळ्यांनी हार्ट दिले. "लवकर बरी हो यार." "येतो आम्ही भेटायला पक्का." तिसऱ्या दिवशी हार्ट कमी झाले. आठवड्याने एकीच्या नव्या फ्लॅटची पार्टी होती, बदलापूरला, बेलवलीत, तर ग्रुपवर पिझ्झा किती आणि कोण कोणाबरोबर येणार हेच चालू. बदलापूर म्हणजे आमच्या इथून पुढचं स्टेशन. मी मनात पैज लावली की येताना नाहीतर जाताना कोणीतरी उतरेल. रात्री फोटो आले, सगळ्या बाल्कनीत उभ्या. मीपण हार्ट दिला.

दिवस कसा असतो सांगते. पप्पा गेले की सात ते चार कोणी नाही. पलंगावरून, वरच्या झरोक्यातून मला समोरच्या पत्र्याचा एक तुकडा दिसायचा आणि एक पाईप. दोन गुडघ्यांमध्ये उशी, कूस वळायची नाही, सरळ छताकडे बघत पडायचं. नऊ वाजता शाळेची पोरं पॅसेजमधून धावत जायची. अकराला पिण्याचं पाणी यायचं, बायकांचा आवाज, कळशा, भांडण, हसणं, सगळं माझ्या दारापासून चार हातांवर. मी दिवसातून चार वेळा वॉकर घेऊन पलंग ते ओटा चालायचे. आधी वॉकर, मग ऑपरेशनवाला पाय, मग चांगला. नऊ पावलं जायला, नऊ यायला. दाराजवळून जाताना थांबायचे. कधी कधी कपाळ दाराला टेकवून बाहेरचं ऐकायचे, पूर्ण वाक्य ऐकू यायचं. माझं नाव कधीच आलं नाही.

आणि भिंतीपलीकडे काकू. काकू म्हणजे शेजारच्या खोलीतल्या, एकट्याच राहतात, उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापतात. दिवसभर त्यांच्या कटरचा कट कट आवाज आणि रेडिओ. आई गेली तेव्हा महिनाभर त्यांनीच आम्हाला जेवण दिलेलं. मला सगळ्यात जास्त राग त्यांचा आला. भिंतीला भिंत आहे, आणि एकदा डोकावत नाही ही बाई. भिंतीवर थाप मारली असती तर ऐकू गेलं असतं. पण सुरुवातीला मीच नको म्हटलेलं, आणि नंतर नंतर वाटायला लागलं, एवढे दिवस नाही आल्या ना, मग मी कशाला बोलवू.

अजून एक गोष्ट मी केली. पाणी प्यायचं सोडलं. सरळ हिशोब होता, पाणी कमी तर भांडं कमी. सकाळी चहा, दुपारी दोन घोट गोळीपुरते, आणि जेवण पण थोडंच. पप्पा आल्यावर त्यांच्यासमोर पेला भरून प्यायचे. दुपारी डोकं गरगरायचं तर मला वाटायचं गोळ्यांचं असेल.

संध्याकाळी पाचच्या सुमारास, आठवड्यातून दोनदा, फिजिओच्या मॅडम यायच्या. उल्हासनगरच्या, सिंधी, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या असतील. तेव्हा पप्पा घरी असायचे, दार तेवढ्यापुरतं उघडं असायचं, एरवी माझ्या झोपेसाठी ते आतून लावूनच घ्यायचे. मॅडमचं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "अच्छा पैर ऊपर चढेगा पहले, ऑपरेशनवाला पैर नीचे उतरेगा पहले. बोलो." मी बोलायचे. दोन आठवड्यांनी त्यांनी मला पॅसेजमध्ये नेलं, पॅसेजच्या टोकाला भिंतीला पाण्याचा जाड पाईप आहे तो एका हातात, काठी दुसऱ्या हातात, आणि तीन पायऱ्या. उतरले. चढलेपण. घामाने ओली झाले पण झालं. बायका तेव्हा स्वयंपाकात, नाहीतर बाजारात, पॅसेजमध्ये दोन पोरं फक्त, ती बघून पळाली.

मग मी मॅडमना विचारलं, संडासात जाऊ शकते का. म्हणाल्या, खुर्ची आत ठेवली तर जाऊ शकतेस. पप्पांनी लगेच खुर्ची उचलून नेली पुरुषांच्या बाजूला मापाला, दारं सगळी सारखीच आहेत. गेली नाही. हाताची खुर्ची, रुंद, आणि दार अरुंद.

पप्पांना बाकी काही बोलता येत नाही पण माप घेता येतं. त्यांनी स्टीलची पट्टी आणली, मी पलंगावर पडलेले, टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत माप घेतलं, दोनदा, वहीत लिहिलं. चार दिवसांनी फॅक्टरीतल्या भंगार पाईपचा एक स्टँड बनवून आणला. अरुंद, चार पाय, वर प्लॅस्टिकची सीट नटबोल्टने बसवलेली, वेल्डिंग घासून एकदम गुळगुळीत. मॅडम आल्या, त्यांनी बघितलं, मला बसवलं, आणि मान हलवली. "अंकल, बहुत अच्छा बनाया. लेकिन कम पडेगा."

"कम कैसे? मिलीमीटर में नापा है."

"घुटने के बराबर नहीं चाहिए ना. घुटने से ऊपर चाहिए. दो इंच और. नहीं तो कूल्हा नीचे जाएगा, निकल जाएगा."

पप्पा स्टँडकडे बघत राहिले. माप बरोबर आणि तरी चूक, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल. दुसऱ्या दिवशी स्टँड परत नेला, संध्याकाळी पायांना तुकडे जोडून आणला, खाली मशीनचे जाड रबर बुश बसवून. हलत नव्हता अजिबात.

आणि मग आमच्या दोघांच्या लक्षात आलं. स्टँड बायकांच्या संडासात ठेवायचा आहे. बाकीच्यांना इंडियनच लागतं, म्हणजे प्रत्येक वेळी ठेवायचा आणि काढायचा. पप्पा बायकांच्या बाजूला जाऊ शकत नाहीत. मी एका हातात काठी, एका हातात पाईप, स्टँड कुठल्या हाताने उचलू.

पप्पा म्हणाले, "बघू." स्टँडवर टॉवेल टाकला आणि कोपऱ्यात ठेवला. मी पण नाही बोलले की काकूंना विचारा. चार दिवस तो तिथेच, टॉवेल पांघरून.

पाचव्या दिवशी दुपारी, बाराच्या आसपास, कडी वाजली. उघडली नाही कोणी, नुसती वाजवली. मग मॅडमचा आवाज. त्यांना संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं म्हणून लवकर आलेल्या, मला मेसेज केलेला, मी झोपलेले. बाहेर कडी बघून त्यांनी शेजारी विचारलं.

"आंटी, यहाँ की पेशंट किधर गई?"

कटरचा आवाज थांबला. काकू बाहेर आल्या असणार. "कोण, ऑपरेशनवाली? वो इधर नहीं है. हेंद्रेपाड्याला गयी, आत्याकडे. आत्याकडे वेस्टर्न संडास है ना."

"कब गई?"

"झाले की आता वीस-बावीस दिन. कडी नाही दिसत का बाहेरून?"

"पर मैं तो हफ्ते में दो बार आती हूँ, एक्सरसाईज कराने."

"आप? मेरे को कधी दिसली नाही."

"शाम को आती हूँ, पाँच बजे."

"पाच बजे मैं माल पोचवायला जाते." मग, "तिच्या बापाला मी रोज विचारते, पोरगी कशी आहे. तो बोलतो, बरी आहे. बास. तो एवढंच बोलतो."

मी पलंगावर पडून हे सगळं ऐकत होते. म्हणजे विचार करा, मी इथे आहे, आणि बाहेर दोन बायका शांतपणे ठरवतायत की मी इथे नाही. आत्याचं खरं होतं, ऑपरेशनच्या आधी ती येऊन सगळ्यांसमोर म्हणालेली की हिला मी नेते. पण आत्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून ते राहिलं. ते राहिलं हे चाळीत कोणाला सांगितलंच नव्हतं. आणि आमच्या चाळीत दिवसा दार उघडंच असतं. कडी बाहेरून म्हणजे घरात कोणी नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मीच किती वेळा कडी बघून परत फिरलेय.

मी हाक मारली. आवाज निघाला नाही, घसा कोरडा होता. परत मारली. मग वॉकर उचलून फरशीवर आपटला.

"मी आहे," म्हटलं. "आत आहे मी."

मग कडी निघाली आणि उजेड आला. काकू दारात, खांद्यावर जीन्सचा एक पाय लोंबतोय, केसांत निळे धागे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू इथेच आहेस?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

काकू खाली बसल्या, तिथेच उंबऱ्यावर. "आणि मी पलीकडे रेडिओशी बोलतेय. एवढी शिकलीस, मोबाईलवर टकाटका बोटं चालतात, भिंतीवर एक थाप नाही मारता आली तुला?"

"मला वाटलं तुम्हाला यायचं नाही."

"मला वाटलं तू मजेत आहेस, आत्याकडे टीव्ही बघत."

मॅडमचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली, ओठ बघितले. "कडी किसने लगाई? आग लग जाए तो? अंकल को बोलती हूँ मैं." मग, "सुबह से पानी कितना पिया?"

"दोन घोट."

"क्यों?"

मी नुसतं साडीच्या पडद्याकडे बघितलं. मॅडमना कळलं नाही, काकूंना कळलं. त्या उठल्या, पडदा सरकवला, खुर्ची बघितली, भांडं बघितलं. बराच वेळ त्यांची पाठच होती माझ्याकडे.

"हे तो करतो?"

"हो."

"रोज?"

"मी ते बंद करणार आहे," मी म्हटलं. आणि मग मी सुटलेच. स्टँड, माप, दोन इंच, तीन पायऱ्या, बायकांची बाजू, सगळं एका दमात. काकूंनी कोपऱ्यातला टॉवेल काढला आणि स्टँड एका हाताने उचलला, जसा गठ्ठा उचलतात तसा. "एवढ्यासाठी चार दिवस?"

आधी मॅडमनी मला दोन पेले पाणी पाजलं, समोर उभं राहून. वीस मिनिटं बसवून ठेवलं. मग आम्ही निघालो. पुढे काकू स्टँड घेऊन, मागे मी वॉकरवर, माझ्या मागे मॅडम माझी काठी घेऊन. काकूंनी सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं सुरू केलं. "बाजूला व्हा रे. बादली उचल ती. अगं ही इथेच होती, आत्याबित्याकडे नाही. इथेच, कडीच्या आत." दारांतून तोंडं बाहेर आली. एक जण म्हणाली, "अय्या, आम्ही रोज इथे उभं राहून भांडतो, हिने सगळं ऐकलं असेल." मला जमिनीत जावंसं वाटत होतं आणि मी दात काढून हसतपण होते.

पायऱ्यांशी वॉकर ठेवला. डाव्या हातात पाईप, उजव्यात काठी. आधी ऑपरेशनवाला पाय. एक. दोन. तिसऱ्या पायरीवर पाणी सांडलेलं, काकूंनी स्वतःच्या गाऊनने पुसलं, मी काही म्हणायच्या आत. तीन. काकूंनी आत स्टँड ठेवला, हलवून बघितला, "पक्का आहे" म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

आतून कडी मीच लावली.

काय सांगू, घाणेरडा, अंधारा, पालींचा संडास तो, लहानपणी मी तिथे जायला रडायचे. मी त्या स्टँडवर बसले, रबर बुशमुळे खरंच हलत नव्हता, आणि बाहेर काकू कोणाला तरी सांगत होत्या की आता पाळी लावायची, मी नसले की कोण ठेवणार आणि कोण काढणार. मी जितका वेळ लागायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ बसले.

पप्पा चारला आले तेव्हा दार सताड उघडं होतं. ते उंबऱ्याबाहेर थांबले. हात कडीच्या जागेवर गेला आणि तिथे कडी लावलेली नव्हती, तर त्यांचा चेहरा एकदम पांढरा झाला, मी बघितलं. मग त्यांना मी दिसले, आणि खाली फरशीवर काकू दिसल्या, जीन्सचा गठ्ठा आमच्याच घरात सोडून धागे कापताना.

"काय झालं?"

"काही नाही झालं," काकू म्हणाल्या, वर न बघता. "तुम्ही पोरगी कडीत ठेवलेली, ती मी काढली. परत लावाल तर बघा."

काकू गेल्यावर पप्पा पडद्याआड गेले, सवयीने. भांडं कोरडं होतं. बाहेर आले, माझ्याकडे बघितलं.

"गेले मी," म्हटलं. "दोनदा."

त्यांनी मान हलवली. कोरडं भांडं घेऊन पॅसेजच्या टोकाला गेले आणि ते धुतलं. मला नळाचा आवाज येत होता, बराच वेळ. मग ते आणून बाहेरच्या कठड्यावर उन्हात पालथं घातलं.

"हलतो का स्टँड?"

"नाही."

"आवाज करतो?"

"नाही पप्पा."

"नट महिन्याने आवळायला लागतील. काकूंना पाना देईन."

दुसऱ्या दिवशी ते साडेपाचलाच उठले. मी डोळे मिटून पडले होते, सवयीने. ते उठले आणि त्यांना करायला काहीच नव्हतं. पडद्यापर्यंत गेले, परत आले. पलंगाजवळ उभे राहिले, मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग नळ जोरात सोडून हात धुतले, काही नसताना. चहा ठेवला. "उठ गं, सात वाजतील." पण चहा नेहमीपेक्षा लवकर झालेला, सहालासुद्धा वेळ होता, आणि आम्ही दोघं पेले हातात घेऊन बसलो, आणि बोलायला काही सुचेना. तेव्हा मला कळलं की रोज सकाळची ती दहा मिनिटं, ज्यात मी मेल्यासारखी पडून राहायचे, तेवढीच आमची दोघांची होती. बाकी दिवसभर ते फॅक्टरीत, आल्यावर जेवण, बुद्धवंदना, झोप.

"पाणी पी भरपूर," ते म्हणाले. कोणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

"पिते."

डबा घेऊन निघाले. दार ओढलं, आणि कडी वर उचलल्याचा आवाज आला. मग काहीच नाही, थोडा वेळ. मग कडी हळूच खाली सोडल्याचा आवाज, आणि दार परत उघडलं, हातभर. त्यांनी चप्पलस्टँडजवळचा विटेचा तुकडा पायाने सरकवून दाराला लावला, मांजराची काळजी न करता, आणि गेले.

पॅसेजमध्ये अजून वर्दळ सुरू झाली नव्हती. काकूंचा रेडिओ सुरू व्हायला दोन तास होते. मी उशी गुडघ्यांमध्ये घेऊन उघड्या दाराकडे बघत पडले. भरलेला पेला हाताशी होता. थोड्या वेळाने मी भिंतीवर एक थाप मारली, अगदी हळू, कोणाची झोप मोडणार नाही इतकी.